मागची सीट

मोटारसायकलच्या सीट शिवणारा हा माणूस तसा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. खोटं बोलायला डोकं लागतं, आणि बोललेलं लक्षात ठेवायला त्याहून जास्त लागतं. याचं सगळं डोकं फोम, रेक्झिन आणि शिलाईत खर्च झालेलं. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान, म्हणजे एक शटर, एक मशीन आणि छतापर्यंत रचलेले फोमचे तुकडे. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं.

गिऱ्हाइकाची पारख मात्र त्याला होती. आलेला माणूस तळहाताने सीट दाबून बघतो. एकदा दाबणारा नुसता चौकशीला आलेला असतो. दोनदा दाबणारा करून घेतोच, मग तोंडाने कितीही "बघू नंतर" म्हणो. तोंडावर जाऊ नये, हातावर जावं, असं तो बायकोला सांगायचा. ती दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटना नंबर द्यायची. ती म्हणायची, "आमच्याकडे उलटं आहे. हात दाबला की तोंडातून खरं निघतं."

स्वतःच्या गाडीची मागची सीट त्याने बायकोसाठी हौसेने केली होती. खाली कडक फोम, वर मऊ, कडेला गोल पट्टी, म्हणजे मांडीला काचायला नको. सुट्टीच्या दिवशी दोघं त्या गाडीवर कुठेतरी जाऊन यायचे. लहानसहान गावं, तिथला चहा, एखादं तळं, संध्याकाळी परत. वर्षातून चार वेळा जमलं तरी डोक्यावरून पाणी.

अडचण एकच होती, ती म्हणजे आई. आई अडवायची नाही हो. निघताना हसून म्हणायची, "जा, जा. मी आहे की घर राखायला." चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. या हसण्याचं काय करायचं? ते दिवसभर मानेवर बसून राहायचं, आणि तळ्याकाठी बसलेल्या माणसाला वाटायचं की आपण कुणाच्या तरी घरात चोरी करून आलोय.

या खेपेला आदल्या संध्याकाळी आई पुन्हा फोन घेऊन बसली होती. तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या मावशीचा फोन बरेच दिवस लागत नव्हता. "हिला काही झालं तर नसेल ना रे?" आई म्हणाली. तो जेवत होता. बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती. आणि घास गिळता गिळता त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं हो, सांगायचंच राहिलं. तिकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. मावशीला बरं नाहीये म्हणे. उद्या आम्ही दोघं जाऊन बघून येतो."

इतकं सफाईने निघालं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. आईचं हसणंही चुकलं आणि सहलीचीही सोय झाली. एका दगडात दोन पक्षी. तो दगड कुणाला लागेल याचा विचार त्या रात्री काही त्याने केला नाही.

सकाळी गाडी दारात काढली. बायकोने डोक्याला नवा रुमाल बांधला होता, खुशीत होती. तेवढ्यात आई कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आली. हातात तिची शेकायची रबरी पिशवी. तिचं रेक्झिनचं कव्हर त्यानेच दुकानातल्या उरलेल्या तुकड्यातून शिवलेलं. खरं सांगायचं तर आजवर आईसाठी त्याने शिवलेली तेवढी एकच वस्तू.

"ही तिला द्या," आई म्हणाली. "ताप आला की तिची कंबर धरते, लहानपणापासूनचं आहे. म्हणावं, पाणी फार कढत घालू नकोस."

"कुणाला, आई?" बायकोने विचारलं.

"धाकटीला. तिलाच बघायला निघालात ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो आरसा घट्ट करत होता. आरसा घट्टच होता. ती काय समजायचं ते समजली आणि सासूला एवढंच म्हणाली, "आणि तुमचा गुडघा?"

"माझं काय, एक दिवस फडकं गरम करून शेकीन. इस्त्री आहे की घरात."

गाडी निघाली. एरवी बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची आणि वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचायची. आज ती मागे सरकून लोखंडी दांडा धरून बसली. तिचं अंतर त्याला पाठीलाच कळलं. खांद्यावरची ती रिकामी जागा वाऱ्याने गार पडली.

पहिल्या गावात ते चहाला थांबले. दुकानं नुकती उघडत होती. समोर न्हावी खुर्ची पुसत होता. बायकोने पिशवी बाहेर काढली आणि दोन कपांच्या मध्ये टेबलावर ठेवली.

"बोला आता," ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. वर हसूनही दाखवलं. "संध्याकाळी सांगू, मावशी बरी झाली. आई खूश, आपणही खूश. कुणाचं काय गेलं?"

"आणि ही? परत नेलीत तर आई विचारतील, तिला का नाही दिली. कुठे टाकून आलात तर त्यांचा गुडघा आहेच." तिने चहाला हात लावला नाही. "अहो, त्या बहिणीच्या काळजीने आधीच अर्ध्या झाल्यात. तुम्ही नेमकी तीच काळजी उचललीत आणि त्यावर आपली सहल काढलीत. मी रोज खिडकीत बसून आजारी माणसं बघते. त्यांच्या घरच्यांची तोंडं बघते. आजारपण ही काय सबब सांगायची गोष्ट आहे?"

खाई त्याला खवखवे. चहा त्याने एका घोटात संपवला, आणि चटका बसला तेही बरंच वाटलं.

तरी माणूस हट्टी. काढलेली सहल वाया कशी जाऊ द्यायची? तो तिला दुसऱ्या गावातल्या तळ्यावर घेऊन गेला. हे तळं तिला कधीपासून बघायचं होतं. वल्ह्याच्या होड्या काठाला बांधल्या होत्या, होडीवाला "या, बसा" म्हणत होता, उन्हात पाणी चमकत होतं. बायको काठावर पाठ करून बसली. तो उगाच खडे फेकत राहिला. आई आता फडकं गरम करत असेल. एका हाताने इस्त्री, दुसऱ्या हाताने भिंत. त्याला तळं दिसेना, तेच दिसायला लागलं.

आणि फोन वाजला. आईचाच.

"पोचलात का रे? कशी आहे ती?"

इथे खरं बोलायची सोय होती. पण एकदा घसरलेला पाय मध्येच थांबत नाही. "बरी आहे," तो म्हणाला. "ताप आहे थोडा."

"दे तिला फोन."

"झोपलीय."

"झोपू दे मग, उठवू नको. आणि तिच्या कपाळावर हात ठेव माझ्या वतीनं."

फोन बंद झाला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की होडीवाल्याकडेही बघवेना. "चल," तो म्हणाला. "मावशीकडे जाऊ." बायको उठली.

मावशीचं गाव दुसऱ्या रस्त्याला होतं. एक लांबट बाजारपेठ, एक घड्याळजी, एक पिठाची गिरणी, मग चढ, आणि चढाच्या शेवटी मावशीचं घर. वाटभर त्याने मनातल्या मनात देवाशी घासाघीस केली, की मावशी खरंच थोडी आजारी निघू दे. फार नको, सर्दी चालेल. असा विचार आपल्या डोक्यात आला याचीही मग त्याला शरम वाटली.

मावशी शिडीवर होती. खिडकीच्या चौकटीला निळा रंग लावत होती. कोपरापर्यंत हात निळे, नाकावर एक ठिपका, तब्येत ठणठणीत.

"अरे ठोंब्या!" ती वरूनच म्हणाली. "आणि सूनबाई पण? आज कुठला वारा लागला? फोन नका करत जाऊ मला, तो केव्हाचाच रंगाच्या डब्यात बुडालाय."

ती खाली उतरली. त्याने पिशवी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. कसलीही शिलाई न घालता, उसवल्यासारखं. मावशी आधी हसली. "म्हणजे मी तापाने फणफणलेय तर." मग तिने पिशवी हातात घेतली, कव्हर ओळखलं, आणि तिचं हसू गेलं.

"ही ताईची गुडघ्याची. ही तिने दिली?"

"हो."

मावशी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "मी तिला दर वेळी सांगते रे, ये चार दिवस. बसची पायरी तिला चढवत नाही, मला ठाऊक आहे. म्हटलं, पोराची गाडी आहे की, एवढी राजेशाही सीट करतो तो. तर म्हणते, तो रोज म्हणतो चल म्हणून, अगदी मागे लागतो. मीच जात नाही. मला गाडीची भीती वाटते."

तो उभा होता तसाच राहिला. रोज काय, एकदाही नाही. आयुष्यात एकदाही त्याने आईला "बसतेस का" असं विचारलं नव्हतं. तिला न्यावं असा विचारच कधी डोक्यात आला नव्हता. दुष्टपणा नव्हता त्यात, पण दुष्टपणा असता तर निदान आठवणीत तरी राहिला असता. आणि इतकी वर्षं ती बहिणीपुढे त्याची झाकली मूठ सांभाळत होती.

"भीती?" मावशी स्वतःशीच म्हणाली. "लहानपणी विहिरीत पहिली उडी तीच मारायची."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा तिने त्याच्या दंडाला हात लावला. "मी बसने येते," ती म्हणाली. "माझी जागा मावशींना द्या."

मावशीने हात घासूनपुसून घेतले, तरी नखांत निळा रंग राहिलाच. एका कापडी पिशवीत दोन कपडे कोंबून ती सीटवर बसली, जरा हलून बघितलं आणि म्हणाली, "काय मऊ केलीयस रे. ताईला दाखवलीस का?" तो गाडी चालू करायच्या मागे लागला. या प्रश्नाला उत्तर द्यायला लागू नये म्हणून.

दिवे लागायच्या वेळेला ते घरी पोचले. आई दारातल्या पायरीवरच बसली होती. गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं, बाजूला गार झालेली इस्त्री. गाडीवरून बहीण उतरलेली बघून ती कठडा धरून उठली. तिने मावशीच्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर. मग तिचे हात हातात घेतले आणि नखांतला निळा रंग बघितला.

"आई," तो म्हणाला. वाटभर घोकलेलं वाक्य होतं. "मावशी आजारी नव्हती. मी तुला..."

आईने त्याच्याकडे एकदा बघितलं, फक्त एकदाच. आणि बहिणीकडे वळून म्हणाली, "अगं, मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, काहीही सबब काढ, पण हिला घेऊन ये. तो तर रोजच मागे लागतो माझ्या."

मावशीला सगळं ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हो का?" ती म्हणाली. "गुणी आहे हो पोरगा."

दोन मुस्काटात दिल्या असत्या तरी चाललं असतं त्याला. दोघी बहिणींनी मिळून त्याला कबूलसुद्धा होऊ दिलं नाही. तो आत गेला, पाणी तापवलं, पिशवी भरली, फार कढत नाही, आणि बाहेर येऊन आईच्या पायाशी बसला. फडकं सोडलं. गुडघा केवढा सुजलेला होता. हा गुडघा आपण शेवटचा कधी बघितला, हे त्याला आठवेना. त्याने पिशवी त्यावर धरली.

"मावशी राहील चार दिवस," तो खाली बघूनच म्हणाला. "पुढच्या सुट्टीला तुला तिकडे नेतो. गाडीवरून. बसशील का माझ्या मागे?"

कोपऱ्यावर बस थांबली, तिच्यातून त्याची बायको उतरली आणि रुमाल सोडत घराकडे यायला लागली.

"नको रे बाबा," आई म्हणाली. "मला भीती वाटते गाडीची."

आणि मग मावशीची कपड्यांची पिशवी हँडलला तशीच राहिलीय, असं काहीतरी पुटपुटत ती उठली. कठडा सोडून दोन पावलं गाडीपाशी गेली. पिशवी तिने काढली नाही. मागच्या सीटवर तळहात ठेवला आणि दाबून बघितलं. थांबली. पुन्हा एकदा दाबलं.

"वाटू दे भीती," तो म्हणाला. "मी हळू चालवीन."