थंडी कोणत्या बागेची?

कवितेचा अभ्यास सोडून मी माहितीच्या मांडणीकडे वळले, तेव्हा जळगावातल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "कपाट लावता येतं का तुला?" मला येत होते. ओळीत कोणता शब्द कुठे बसावा हे ज्याला कळते, त्याला शेकडो कागदांतला एक कागद कुठे ठेवावा हेही कळते, असे मी तेव्हा मानत होते. आजही मानते.

पदव्युत्तर अभ्यासाच्या अखेरच्या प्रकल्पासाठी मी चोपड्याजवळच्या एका गावातला केळी उत्पादकांचा गट निवडला. या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांना फोनवरच्या ध्वनिसंदेशांत सांगितलेले अनुभव त्यांनाच पुन्हा सापडतील असे रचायचे होते. चार महिने मी ते आवाज ऐकले. बोलण्यामागे ठिबकच्या नळीचा फुसकारा असे, रुंद पाने एकमेकांवर घासत असत. मग अभ्यासात शिकले तसे विभाग पाडले: पाणी, खते, रोग, हवामान, काढणी. रचना देखणी झाली होती.

बाईंची अट मात्र साधी होती. गटातल्या कुणालाही माझ्या मदतीशिवाय हवी ती नोंद सापडली पाहिजे. नाहीतर प्रकल्प पुढच्या सत्रात.

पौषातल्या एका सकाळी गटातल्या सर्वांत जाणत्या अक्कांच्या ओट्यावर मी एकटीच चाचणी घ्यायला गेले. हवेत ओल्या मातीचा आणि चिकाचा तुरट वास होता. "थंडीत बागेला काय करायचं, ते शोधा," मी म्हणाले. अक्कांनी फोनवर हवामान उघडले, थंडी उघडली, दोन आवाज ऐकले. दोन्ही घड झाकायला सांगत होते. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"आठे बठ्ठं शे. पन मनी बाग कोठे शे?"

"तुमची बाग? थंडी तर सगळ्याच बागांना सारखी ना, अक्का?"

दारातली त्यांची सून पदराआड हसली. "ताईले बठ्ठ्या केळी सारख्याच दिसतस."

अक्का मला बांधावर घेऊन गेल्या. डावीकडे पावसाच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग, डोक्यावर गेलेली, घड बाहेर टाकू लागलेली. उजवीकडे दिवाळीच्या सुमारास लावलेली कांदेबाग, जेमतेम गुडघ्याएवढी. त्याच थंडीपासून एकीचे घड वाचवायचे होते, दुसरीचा पोंगा, म्हणजे शेंड्याचे गुंडाळलेले कोवळे पान. इथे कुणीही आधी बाग आणि तिचे वय सांगितल्याशिवाय प्रश्न विचारतच नाही. ते मी शेकडो वेळा ऐकले होते आणि प्रास्ताविक समजून वगळले होते.

त्या दुपारी मी प्रत्येक नोंदीची चिठ्ठी केली आणि ओट्यावर पसरली. अक्का, सून आणि दोन शेजारणींनी त्या हव्या तशा लावल्या. आधी बाग, मग तिचा कितवा महिना, मग अडचण. दोन्ही बागांना लागू पडणारी चिठ्ठी दोन्हीकडे गेली. मी फक्त लिहून घेत होते.

"एकच नोंद दोन ठिकाणी?" बाईंनी नवा आराखडा पाहून भुवई उंचावली. "परीक्षक विचारतील."

"विचारू देत, बाई. त्यांना मी दोन्ही बागा दाखवीन."

आठवड्याने बाई स्वतः आल्या. अक्कांनी चष्मा पुसला. कांदेबाग, तिसरा महिना, थंडी. एका वृद्ध शेतकऱ्याचा घोगरा आवाज ओट्यावर उमटला: सूर्य उगवण्याआधी बांधावर धूर करा, झळ रोपांना लागू देऊ नका. अक्कांनी ते एकदाच ऐकले. बाई काही विचारणार, तोवर अक्का उठल्याही होत्या.

"चाल, बांधवर काडीकचरा गोया करू," त्या सुनेला म्हणाल्या, आणि दोघी शेताकडे निघाल्या.

बाईंनी पर्समधून पेन काढले आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर सही केली.