ट्रेसमध्ये माझंच नाव

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही पार्किंगची फाटकं उघडणारी यंत्रं बनवायचो. मुलुंडच्या एका सोसायटीतलं फाटक अर्ध्यावर अडकायला लागलं, ग्राहक खवळला आणि मॅनेजरला खापर फोडायला कुणाचं तरी डोकं हवं झालं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. माझं डोकं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, कुठे अडतंय ते बघायला मॅनेजरने ट्रेसिंग लावलं. प्रोग्रामच्या कुठल्या तुकड्याने, म्हणजे फंक्शनने, किती वेळ खाल्ला, ते त्यात दिसतं. आमच्याकडे फंक्शनच्या नावात सुरुवातीला लिहिणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत. सगळा वेळ माझ्या आद्याक्षरांसमोर दिसत होता.

"बघ ना, तुझंच नाव येतंय," मॅनेजर म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही ना."

आणि माझ्या पूर्ण नावानिशी ग्राहकाला मेल गेला, अख्ख्या ऑफिसला प्रत.

माझं ते फंक्शन चार ओळींचं. दिवा लावायचा आणि परत यायचं. ते अडणार कुठे, कपाळ? मी ट्रेस पुन्हा वाचला. नावाशेजारी एक आकडा असतो, फंक्शनच्या सुरुवातीपासून किती अंतरावर काम चाललंय तो. तो आकडा माझ्या अख्ख्या फंक्शनपेक्षा कितीतरी मोठा होता. म्हणजे काम माझ्या हद्दीबाहेर, पुढे कुठेतरी चाललं होतं, आणि तिथे नावच नव्हतं. ट्रेसरला फक्त पत्ता कळतो, नाव त्याला सिम्बॉलच्या, म्हणजे फंक्शनच्या नावांच्या, यादीतून घ्यावं लागतं. यादीत नाव नसलं की तो मागचं सगळ्यात जवळचं नाव चिकटवतो. विक्रोळीच्या आमच्या चाळीत मजल्यावर एकट्या बाबांनी दाराला पाटी लावली होती. वर्गणीवाले, चुकलेलं टपाल, शेजाऱ्यांच्या तक्रारी, सगळं आधी आमच्याच दारात.

माझ्या फंक्शननंतरचा कोड आमच्या सीनियरचा. आद्याक्षरांची पद्धत त्यानेच आणलेली. आणि बिल्ड करताना, म्हणजे कोड यंत्रात घालण्याजोगा करताना, स्वतःच्या फाइलमधली नावं गाळणारी ओळही त्यानेच घातलेली.

"साइज कमी होते गं," मी विचारल्यावर तो म्हणाला.

"फक्त तुझ्याच फाइलची?"

"कोणी कोड चोरू नये ना. एवढी चिडतेस काय?"

चिडू नको तर काय आरती ओवाळू? मी ती ओळ काढली, नवं बिल्ड यंत्रात घातलं आणि त्याच्यादेखत टेबलावरचं नमुन्याचं फाटक चालवलं. ते अडलं. या वेळी ट्रेसमध्ये त्याची आद्याक्षरं आली. सेन्सरच्या उत्तराची वाट बघत बसणारं फंक्शन, आणि उत्तर नाही आलं तर परत फिरायची सोयच नाही.

"अरे यार," म्हणाला आणि चहाला गेला.

संध्याकाळी मॅनेजरचा ग्राहकाला आणि अख्ख्या ऑफिसला मेल आला, 'तांत्रिक अडचण दूर केली आहे.' एवढंच. आळ घेताना माझं आडनावासकट नाव लिहिलं होतं, आळ खोटा निघाल्यावर कुणाचंच नाही. मी जाब विचारायला गेले.

"सोड ना आता," तो म्हणाला. "तूही यापुढे नावं गाळूनच बिल्ड कर. नाहीतर उगाच नाव येतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी जागेवर आले आणि त्याच मेलला सगळ्यांना उत्तर दिलं, ग्राहकालासुद्धा. वर एक शब्द लिहिला नाही. दोन्ही ट्रेस जोडले, पहिला आणि सगळी नावं असलेला. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.