बाईंनी बाद केलेला निबंध

श्रीमती मालतीबाई दिघे यांची आणि माझी पहिली गाठ धारच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात पडली. सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. मी देवासला कारखान्यात नोकरीसाठी आलेल्या फिटरचा मुलगा. माझे मराठी निम्मे हिंदी, आणि उरलेल्या निम्म्यात तिथली मालवी बोली. पाठाच्या टिपणात मी मोठ्या ऐटीत लिहिले होते, ‘ही पद्धत प्रयोगाने सिद्ध झाली आहे.’ बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले.

“कुणाच्या प्रयोगाने?”

मी पुस्तकातले एक नाव सांगितले.

“आणि ज्यांचा प्रयोग फसला, ते काय म्हणतात?”

असेही कुणी असते, हेच मला ठाऊक नव्हते. बाई रागावल्या नाहीत. “शोधा,” एवढेच म्हणाल्या. त्या एका शब्दाने मला आयुष्यभराचे काम लावून दिले.

त्या काळी धार जिल्ह्यात बाईंचे नाव घरबोली पद्धतीमुळे गाजत होते. पहिलीत पुस्तक काही महिने बंद ठेवायचे. मुलांनी घरच्या मालवीत गोष्ट सांगायची, शिक्षकाने ती तशीच फळ्यावर लिहायची, आणि आपलीच गोष्ट मुलांनी वाचायला शिकायची. एरवी तोंडाला कुलूप लावून बसणारी पोरे ‘माझी गोष्ट आधी’ म्हणून फळ्यापुढे भांडताना मी स्वतः पाहिली आहेत. बाईंनी त्यावर लिहिलेला निबंध सगळीकडे वाचला गेला.

पुढे बाईंची बदली देवासला झाली. मीही तिथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवत होतो. काही वर्षांनी वरून विचारणा आली, की घरबोली पद्धत सगळ्या शाळांना लावावी काय? आजवरचे सर्व प्रयोग तपासून बाईंनी अहवाल द्यावा. आम्हा शिष्यांना वाटले, आता घोडे गंगेत न्हाले. बाई मात्र गंभीर झाल्या. “मलाच विचारताहेत, म्हणजे जास्त जपून करायला हवं,” म्हणाल्या, आणि मदतीला मला बोलावले.

विखुरलेले प्रयोग गोळा करून, पारखून, सर्वांचा मिळून एक निष्कर्ष कसा काढायचा, हे शास्त्र तेव्हा नवेच होते. बाईंनी ते इंदूरच्या ग्रंथालयात बसून परदेशी नियतकालिकांतून उतरवून आणले होते. त्यांनी मला ते समजावले स्वयंपाकघराच्या भाषेत: वरण वरच्या पळीवरून चाखू नये, तळापासून ढवळावे. मग आम्ही गावोगावच्या प्रशिक्षण विद्यालयांना उत्तराचे कोरे कार्ड जोडलेली जोडकार्डे पाठवली. ‘असे प्रयोग केले असल्यास पाठवा, फसलेले आधी.’

निबंधांची पाकिटे येऊ लागली, पण बाई उघडू देईनात. आधी नियम ठरले. निबंध वाचून मग नियम केले तर ते आपल्या आवडीचे होतात, असे त्यांचे म्हणणे. मुख्य नियम असा, की नवी पद्धत कोणत्या शाळेला आणि जुनी कोणत्या शाळेला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले असावे. शाळा स्वतःच निवडली, तर चांगल्या शाळेचे यश पद्धतीच्या खात्यावर जमा होते; तसा निबंध बाद. लेखकाच्या आणि गावाच्या नावावर खळीने कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे वाचणाऱ्याचे मन कलणार नाही. हे चिकटवायचे काम माझे. दोघांनी वेगवेगळे वाचायचे, ‘घ्यावा’ किंवा ‘बाद’ लिहायचे, आणि तोवर एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. मला हे सगळे फार सोवळ्यातले वाटे.

कन्नौदच्या एका गुरुजींचा निबंध असाच बाद झाला. त्यांनी दोन्ही शाळा स्वतः निवडल्या होत्या. कळवल्यावर ते बसने थेट देवासला आले. पिशवी मांडीवर धरून बाईंच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, “बाईसाब, म्हारो काम खोटो है कई?”

“काम खोटा नहीं है, गुरुजी,” बाई म्हणाल्या. “बस, इससे पता नहीं चलता.” त्यांनी सगळी दुपार त्यांच्यासाठी खर्च केली, चहा दिला, कुठे काय चुकले ते उलगडून सांगितले आणि बस स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. गुरुजी जाताना पाया पडू लागले, ते बाईंनी पडू दिले नाही.

पुढच्याच गठ्ठ्यात तो निबंध निघाला. बाईंचा स्वतःचा. मी ‘घ्यावा’ लिहून मोकळा झालो होतो. बाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, जणू प्रथमच हातात घेतला असावा. मग म्हणाल्या, “या बाई मेहनती दिसतात. पण शाळा त्यांनी स्वतः निवडली आहे, तीही उत्साही हेडमास्तरांची. बाद.”

“बाई, हा तुमचा आहे.”

“पट्टी लावली आहे ना? मग कुणाचा ते मला ठाऊक नाही.”

मी चिडलो की हिंदीवर येतो. “अहो, यही तो सबसे बड़ा है! हाच काढला तर उरलं काय?”

“कन्नौदच्या गुरुजींचा काढला, तेव्हा तुम्ही हे विचारलं नाहीत.”

मी तो निबंध बादच्या गठ्ठ्यावर ठेवला.

उरलेले निबंध थोडे, त्यांतही एकवाक्यता नाही. अहवालात बाईंनी लिहिले, की आजच्या माहितीवरून नक्की सांगता येत नाही. चिठ्ठ्या टाकून नवा प्रयोग करावा. वरच्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे होते. त्यांनी त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला. धारकडच्या ज्या शाळांत ही पद्धत चालू होती, तिथे पुन्हा पहिल्या दिवसापासून पुस्तक उघडले. नव्या प्रयोगाला परवानगी मिळावी म्हणून बाईंनी अर्जांवर अर्ज केले. तसेच दिवस गेले, आणि बाई निवृत्त झाल्या.

निरोपाच्या दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मला अजून वाटतं, ती पद्धत चालते. पण नुसतं मला वाटतं म्हणून लोकांच्या मुलांवर किती दिवस लादायचं?”

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला सुचवले, की घरबोली पद्धतीने असंख्य मुलांचे कल्याण झाले, असे लिहा. पहिलीच्या वर्गात मालवी घरांतली पोरे आजही गप्प बसलेली दिसतात, तेव्हा मला वाटते, बाईंनी त्या दिवशी जरा डोळेझाक केली असती तर? फार हळहळ वाटते. तरी ते वाक्य माझ्या हातून लिहिले जात नाही. झाले असेल कल्याण. आम्हाला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची वेळ आम्हा सर्वांच्या हातून निसटली.

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या. अशा लेखाच्या शेवटी निरोगी शतायुष्य चिंतायचे असते, आणि मी ते मनापासून चिंततो. बाई हे वाचून विचारतील, ज्यांना अशा शुभेच्छा कुणी दिल्या नाहीत ते किती जगले, हे पाहिलंत का? नाही पाहिले, बाई. हे वाक्य तुमच्या नियमात बसत नाही. तरीही मी ते ठेवले आहे. एवढे एक बाद करू नका.