ओढ्यातली वाट

पाळणेवाले मामा माणसाच्या तोंडाकडे फारसे पाहत नसत; ते पायांकडे पाहत. आमची पहिली भेट अहमदपूरच्या तहसील कचेरीसमोर, माझ्या नेहमीच्या लिंबाखाली झाली. त्या वेळी माझे वय पस्तिशीच्या आत होते, शिक्षण सातवीपर्यंतचेच होते, तथापि माझ्या हातच्या अर्जाला तालुक्यात मान होता, हे नमूद करणे भाग आहे. एक उंच, वाळलेला, पटका बांधलेला म्हातारा समोर येऊन उभा राहिला आणि माझे अक्षर पाहायचे सोडून माझ्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मुनशीजी, तुमचा डावा पाय आधी थकतो. टाच झिजलीय बगा. माज्या बागंत या. चिंचंखाली तुमच्यासाठी धोंडा हाय." मला राग आला होता. पुढे कित्येक वर्षे मी त्याच धोंड्यावर बसत आलो.

मामा मूळचे लातूरजवळच्या मुरुडकडचे. चार पेट्यांचा लाकडी पाळणा बैलगाडीत घालून त्यांनी उभी हयात जत्रांमागे काढली होती. आठ महिने जत्रा, चार महिने घर. गावाबाहेर गाडी सोडायची, खांब रोवायचे, खुंट्या ठोकायच्या, पोरे आभाळाला लावायची. आणि जत्रा पांगली की त्याच खुंट्या एकेक करून उपटायच्या. ते म्हणत, "सारी जिनगी जोडून राहिलो न सोडून राहिलो. आता एकदा असं जोडतो, की सुटनारच न्हाई." साठी उलटल्यावर त्यांनी पाळण्याचे खांब चुन्याच्या काँक्रीटमध्ये कायमचे गाडले आणि गाडीचे बैल मेव्हण्याला देऊन टाकले.

ही जागा नांदेडकडे जाणाऱ्या सडकेला लागून, एका ओढ्याच्या अलीकडच्या काठावर होती. मामींच्या माहेरचे ते मुरमाड रान. तिथे पाळण्यापाठोपाठ फरशीची घसरगुंडी झाली, पोटातून जिना गेलेला सिमेंटचा हत्ती झाला, वाकवलेल्या चकचकीत पत्र्यांची आरशांची खोली झाली. मामी ओट्यावर तांदूळ निवडता निवडता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "लोक जवारी पेरतेत. आमचे हे हत्ती पेरून राहिले!" मामा आतून उत्तर देत, "ह्या सालात जवारी तरी कुठं उगवून राहिली? हत्तीला पानी तरी लागत न्हाई." दुष्काळ खराच होता. पण मामी बोलताना हसत असत, आणि तांदळातले खडे त्यांना आता नजरेपेक्षा बोटांनीच अधिक सापडत, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

बागेतल्या वाटा मामांनी कधी आखल्या नाहीत. नवी वस्तू उभी केली की तिच्याभोवतीची जागा ते महिनाभर तशीच मोकळी ठेवत. माणसे आपल्या मनाने फिरत, मातीवर पांढुरकी रेघ उमटे, आणि मग मामा त्या रेघेवर फरशा बसवत. "आधी पाय, मंग वाट," हे त्यांचे बोल. मी त्यांना एकदा समजावले, की सरकारी कामात आधी नकाशा लागतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "नकाशावर चाललंय कुनी?"

चिंचेच्या आड उभे राहून लोकांचे बोलणे चोरून ऐकण्याची त्यांना एक सवय होती. स्तुती ऐकण्यासाठी ते उभे राहत नसत. ते फक्त एका प्रश्नाची वाट पाहत: आता कुठं? कुणी हत्तीच्या पोटातून बाहेर येऊन, इकडेतिकडे पाहून "आता कुठं?" असे म्हणाले, की मामांचा चेहरा पडे. "इतं बाग तुटली," ते मला हळूच सांगत. एका शाळेच्या सहलीतल्या गुरुजींनी आरशांच्या खोलीसमोर तो प्रश्न विचारला, तर मामांनी आठ दिवस खपून मधले कण्हेरीचे झाड मुळासकट हलवले. त्यानंतर तिथे कुणी थांबले नाही. मामा म्हणाले, "जुडलं." ते नेहमी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा दाखला देत. "तितं कुनी इचारतंय का, आता कुठं म्हनून? जोडे ठेव, पाय धू, डोस्कं झाक, आत जा, जेव, भाईर ये. पाय आपसूक जातेत. बांधनाऱ्यानं पाय वळखले हुते."

त्याच सुमारास लातूरचा जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादेहून दप्तरे लादलेले ट्रक आले, नव्या खुर्च्या आल्या, आणि ज्याला त्याला वाटू लागले की मागितले तर आता काहीतरी मिळेल. पाऊस नव्हता, शेतात काम नव्हते. माझ्या लिंबाखाली मात्र बसायला जागा पुरत नव्हती. मामांच्या बागेतही रिकाम्या हातांची माणसे दिवसभर येत आणि सल्ले देत. कुणी म्हणे तोफ ठेवा, कुणी म्हणे व्हिडिओ लावा, कुणी म्हणे भारताचा नकाशा काढा. मामा सगळ्यांना चहा पाजत आणि कुणाचेच ऐकत नसत. "जत्रंत शंभर गोष्टी असत्यात. मानूस शंभर तुकडे घिऊन घरी जातो, न सकाळी त्याला एकबी आठवत न्हाई. बागंतून त्यानं एकच गोष्ट घिऊन जावी."

असे असता एके दिवशी तेच माझ्याकडे वाढीव जागेचा अर्ज लिहून घ्यायला आले. ओढ्याच्या पलीकडे गायरान होते, आणि गायरानाच्या टोकाला काळ्या दगडाचा उभा कडा. तेवढी जागा त्यांना बागेसाठी हवी होती. मी उत्तम अर्ज लिहिला. एका महिन्याने तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता: "प्रस्तावित वाढीव बागेचा सध्याच्या बागेशी मेळ कसा, ते स्पष्ट करावे." माझ्या हातचा कागद सहसा परत येत नसे. मी तडक बागेत गेलो आणि म्हणालो, "मामा, अर्जाला विषय एकच लागतो."

"बागंलाबी," मामा म्हणाले.

"मग मधे ओढा आहे त्याचे काय? पूल दाखवू या. पूल लिहिला की मेळ झाला."

"पूल नगं." त्यांनी मान हलवली. "पुलावर मानूस थांबतो, खाली बगतो. थांबला की इचारतो. आन दोन गावं असत्यात म्हनून पूल असतो, मुनशीजी. पूल बांधला की दोन बागा झाल्या."

"पण पलीकडेच कशाला? अलीकडे एवढा मुरूम पडला आहे."

मामांनी ओट्याकडे पाहिले. मामी आत गेल्या होत्या. तेव्हा ते माझ्या जवळ सरकले. "अलीकडचं समदं डोळ्यांचं हाय. हत्ती बगा, आरसे बगा. हिची नजर चाललीय. दवाखान्यात न्हिऊन आनलं, उपेग न्हाई म्हनले. त्या कड्यापुढं बोललं की शबुद परत येतो. पलीकडचं कानाचं हाय. मी आठ आठ म्हैने जत्रंत, न ही दारात बसलेली. कवा येता, हे बी कुनाला इचारायची सोय न्हवती. हिनं कुनाचा हात न धरता फाटकापासून कड्यापतुर जावं, येवढंच हाय माजं. पुरी नजर जायच्या आत पायाला वाट पाठ झाली पायजे."

अर्जात बायकोचे कारण लिहिण्याची रीत नाही. मी ते लिहिले नाही. मामांनी काठावरून ओढ्यात उतरायला पंधरा रुंद पायऱ्या कोरल्या, पलीकडे तेवढ्याच चढवल्या, आणि मधे वाळू होती तशी राहू दिली. दोन्ही बाजूंनी शिंदीची झाडे होती. भर दुपारी वर पांढरे ऊन पेटलेले असे आणि खाली त्या वाळूत पाय ठेवला की झोपेत चालल्यासारखे वाटे; अलीकडचे आवाज मागे राहत, पलीकडचे अजून सुरू झालेले नसत. बागेतली सर्वांत सुंदर जागा तीच ठरली, आणि तिथे एकही वस्तू नव्हती. मी नव्याने अर्ज लिहिला. त्यातले एक वाक्य मला आजही मुखोद्गत आहे: "सदर ओढा बारमाही कोरडा असून, त्यामधून पायवाट काढल्याने उभय बाजूंची बाग एकजीव होत आहे." गावात ते मी चारचौघांना वाचून दाखवले होते. सगळे म्हणाले, वा.

पाहणीला एक तरुण साहेब आले. कागद काढू लागले तोच मामा म्हणाले, "साहेब, ते ऱ्हाऊ द्या. हिच्यामागं चला. फकत बोलू नगा." मामी अनवाणी पुढे निघाल्या. हत्तीच्या सोंडेला त्यांनी हात लावला, आरशांच्या खोलीचा गार पत्रा पाठीशी येताच उजवीकडे वळल्या, फरशी संपून वाळू लागली तेव्हा पदर सावरला. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे मी. कुणी काही विचारले नाही. कड्यापुढे मामी थांबल्या आणि दम घेत म्हणाल्या, "आले गं बाई!" आणि कडा म्हणाला, बाई. साहेबांनी पुढे होऊन कड्याला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या अर्जात यातलं काहीच नव्हतं." मी म्हणालो, "अर्जात बसण्यासारखे नव्हते, साहेब." त्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद धरून शेरा लिहिला: "पाहणी केली. मेळ आहे."

त्यानंतरची दोन वर्षे मामी रोज तिसऱ्या प्रहरी एकट्या कड्यापर्यंत जात आणि परत येत. नजर पुरती गेली, पण पाऊल चुकले नाही.

आणि मग एका श्रावणात, आमच्याकडे लख्ख ऊन पडलेले असताना, ओढ्याच्या वरच्या अंगाने शंभर गाड्या एकदम याव्यात तसा आवाज आला. पश्चिमेला डोंगरावर काळे दिसत होते खरे. मी धोंड्यावर बसलो होतो. पाचोळ्याची, फेसाची एक तांबडी रेघ शिंदीच्या झाडांतून वळत आली, आणि पाहता पाहता वाळू दिसेनाशी झाली, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. चार-पाच पावसाळे त्या ओढ्याने बैलाचे खूरसुद्धा भिजवले नव्हते. तो ओढा आहे, एवढी गोष्ट मी विसरलो होतो, मामा विसरले होते, सारा गाव विसरला होता. काठावर लोक धावत आले. बाया घागरी घेऊन आल्या, पोरे कपड्यांसकट नाचू लागली, एका म्हाताऱ्याने पाण्याला हात जोडले. एवढा आनंद मी त्या बागेत कधी पाहिला नव्हता.

मामी पलीकडे होत्या.

त्या नेहमीसारख्या परत निघाल्या आणि पहिल्या पायरीशी त्यांच्या पायाला पाणी लागले. पाऊल मागे घेऊन त्या सरळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मोठ्याने विचारले, "अवं, आता कुठं?"

मामांच्या चेहऱ्याकडे मला पाहवले नाही. माझे वाक्य मला शब्दशः आठवत होते. कुणी दोर म्हणाले, कुणी पट्टीच्या पोहणाऱ्याचे नाव घेतले. मामांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "तितंच बस! मी येतो!" आणि कड्याने ती हाक मामींच्या पाठीमागून पुन्हा दिली, येतो.

सडकेचा पूल होता, पण तिकडून गायरानात यायचे तर डोंगराला वळसा घालून दोन कोस. मी बरोबर गेलो. जन्मभर पायांकडे पाहणारा तो माणूस त्या दिवशी एकदाही खाली न पाहता चालला. एक चप्पल चिखलात राहिली ती त्याला कळली नाही. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. मामी काठावर मांडी घालून पाण्याचा आवाज ऐकत बसल्या होत्या. मामांना बोलायला दम नव्हता. मामींनीच पावले ओळखली.

"लई येळ लावला."

"वळसा मोठा हाय," मामा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. आठ म्हैन्याच्या मानानं लवकर आलात."

दुसऱ्या दिवशी मी पुलाचा अर्ज स्वतःहून लिहून नेला, कारण चूक माझ्या लेखणीची होती. मामांनी तो हातात घेतला नाही. "चार म्हैने वढ्याचे, आठ म्हैने आपले. माज्या जत्रंचंच गनित हाय, फकत उलटं. ते चार म्हैने मी हिच्या संगं वट्यावर बसतो." आणि पुढे दरसाल ओढा वाहायला लागला, की ते पाळण्याच्या पेट्या उतरवून ठेवत आणि खरोखरच ओट्यावर बसत. पाणी आटले, की खराटा घेऊन पायऱ्यांवरचा गाळ काढत.

आजही मी अर्ज लिहून झाला, की तो एकदा नुसता चालून पाहतो. एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना वाचणाऱ्या साहेबाने "आता कुठं?" म्हणू नये. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना हे मी नियम म्हणून सांगतो. कुणाकडून शिकलो ते सांगत नाही.

मामा गेले ते ऐन उन्हाळ्यात, वाट जोडलेली असताना. मला नांदेडहून परतायला उशीर झाला, माती मिळाली नाही. पंधरवड्याने मी बागेत गेलो. पाळणा थांबलेला होता. मामी उठल्या आणि पुढे चालू लागल्या, मी मागून. सोंड, पत्रा, पायऱ्या, वाळू. वर ऊन तसेच पांढरे होते. कड्यापुढे पोचून त्या खाली बसल्या, त्यांच्या शेजारी मी बसलो. इतक्या वर्षांत मी त्या बागेत तो प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या दिवशी तोंडून गेला.

"मामी, आता कुठं?"

"कुठं न्हाई," त्या म्हणाल्या. "तितंच बस म्हनलेत ते मला. येतेत."