गच्चीवरच्या दोन छत्र्या

आमच्या गच्चीवर दोन छत्र्या आहेत. एक माझी, एक माझ्या धाकट्या जावेची. टीव्हीच्या डिशला आमच्याकडे रायपुरात सगळे छत्रीच म्हणतात. कुणाची बंद पडली की पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका दुकानात जायच्या आधी माझ्याकडे येतात. एका छत्रीवर दोन टीव्ही चालतात का? चालतात, पण दुसरा बॉक्स घ्यावा लागतो आणि वेगळी तार ओढावी लागते. पाऊस आला की चित्र का जातं? ढग दाट असले की सिग्नल खाली पोचत नाही. पाऊस थांबला की आपोआप येतं, उगाच बटणं दाबत बसू नका. रिचार्ज करूनही चॅनल का आलं नाही? बॉक्स बंद होता म्हणून. तो चालू ठेवा आणि जरा धीर धरा.

एवढं ज्ञान मला कुठून आलं, असं कुणी विचारत नाही ते बरं आहे. हे सगळं मी जळफळाटातून शिकले.

बायका सासूपासून सुटका मागतात. माझं उलटं होतं. माझी सासू मला हवी होती. बावीस वर्षांपूर्वी मी गोंदियाकडून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून संध्याकाळची वंदना झाली की त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या. मी भाजी निवडायची, त्या लसूण सोलायच्या. फार बोलणं व्हायचं असं नाही, पण ती वेळ आमची होती. सासरे रेल्वेतून निवृत्त झाले, पुढे वारले, माझी पोरं मोठी झाली आणि आपसात हिंदीतच बोलायला लागली, नवरा उरला औद्योगिक वस्तीतल्या रोलिंग मिलमध्ये कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी करत राहिला. पण सातची वेळ काही हलली नाही.

मग धाकट्या दिराने लग्न केलं. मुलगी महासमुंदकडची, छत्तीसगढी. दिसायला नीटस, स्वभावाने गोड, आणि हा गोडवाच माझ्या डोळ्यात खुपला. वरच्या मजल्यावर त्यांनी संसार थाटला, भिंतीएवढा टीव्ही आणला, नवी छत्री बसवली आणि पॅक निवडताना या बाईसाहेबांनी मराठी चॅनल घेतले. का, तर म्हणे, "मुझे आई की भाषा सीखनी है." माझा दीर कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटला. मी मनात म्हटलं, बाई गं, पाण्यात पडायच्या आधीच पोहायला शिकून आलीस.

कारण मला आठवत होतं. तीन-चार वर्षांपूर्वी सासूबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "आपल्या टीव्हीवर मराठी काहून नाई येत वो? त्या बाजूवालीकडं येते." मी म्हटलं होतं, "आई, हा पॅक संपू द्या, मग बघू." इथे साधारण हिंदीचाच पॅक देतात, मराठी वेगळं मागून घ्यावं लागतं. पॅक संपला, दुसरा भरला, तोही संपला. पोरांना क्रिकेट हवं होतं, मला माझं हिंदी हवं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

आता त्या सातच्या ठोक्याला मराठी मालिका बघायला वर जायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या बाईने लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला गच्चीवर यायचं सोडलं होतं, ती कठडा धरून अठरा पायऱ्या चढायची. साडेआठला उतरायच्या तेव्हा चेहरा कसा ताजातवाना असायचा. "पोट्टी चांगला चहा करते, अद्रक ठेचून टाकते," हे एकदा मला ऐकवलं. मी बावीस वर्षं अद्रक ठेचूनच टाकते.

मी म्हटलं, मालिकाच पाहिजे ना? मालिका मी पण आणू शकते. हेल्पलाइनला फोन लावला. आधी गाणं ऐकवलं, मग भाषा निवडायला लावली, मग म्हणाले, नोंदवलेल्या मोबाइलवर नंबर येईल तो सांगा. मोबाइल नवऱ्याचा, आणि नवरा मिलमध्ये; तिथे फोन बाहेरच ठेवून आत जावं लागतं. पाळी सुटेपर्यंत माझा पॅक लटकून राहिला. नवरा घरी येऊन विचारतो, "काय आग लागली होती का?" आग लागलीच होती, पण ती त्याला दिसण्यातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मालिका लावून, आवाज जरा चढवून हाक मारली, "आई, आपल्याकडेही आलं बघा."

त्या दारात आल्या, टीव्हीकडे पाहिलं, म्हणाल्या, "बरं झालं बाई." आणि पायरीकडे वळल्या. "मी जातो वर. तिनं लावून ठेवलं असंन."

तेव्हापासून मी ती मालिका एकटी पाहायची. वरून तोच आवाज अर्ध्या क्षणाने मागे-पुढे ऐकू यायचा आणि मधेच दोघींचं हसणं. टीव्हीत कुणी हसत नसताना त्या कशाला हसताहेत, याचाच मी विचार करत राहायचे.

पुढे जे घडलं ते आमच्या घरातल्या एका जुन्या सवयीमुळे घडलं. सासऱ्यांच्या काळी गच्चीवर अँटेनाचा लोखंडी खांब होता आणि कपड्यांच्या तारेचं एक टोक त्याला बांधलेलं असायचं. अँटेना गेला, खांब गंजला, पण सवय राहिली: गच्चीवर जे उभं दिसेल त्याला तार बांधायची. उन्हाळ्यात आम्ही घरातल्या सगळ्या गोधड्या धुतो. त्या वर्षी मी तार माझ्याच छत्रीच्या दांड्याला बांधली, चार ओल्या गोधड्या टाकल्या आणि खाली आले तर टीव्हीवर निळा पडदा आणि सिग्नल नसल्याची पाटी.

तात्यापाऱ्यातल्या दुकानातून मिस्त्री आला. मिशा पिकलेला, शांत माणूस. त्याने वर जाऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "दीदी, ये खंभा नहीं है. उंगली भर भी सरकी ना, तो सिग्नल गया." छत्रीचं तोंड दक्षिणेकडे, जरासं पूर्वेला झुकून असतं, आकाशातला उपग्रह एकाच जागी असतो, आपणच हललो तर तो सापडत नाही, हे त्याने मला समजावून सांगितलं. छत्री सरळ केली, नट आवळले, मोबाइलवर सिग्नलची पट्टी दाखवली. मी लक्ष देऊन ऐकलं. इतकं लक्ष मी शाळेतही दिलं नव्हतं.

आठ दिवसांनी उरलेल्या गोधड्या धुतल्या. तार उचलली आणि जावेच्या छत्रीला बांधली. चुकून बांधली असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. सहा गोधड्या टाकल्या, पिळल्यासुद्धा नाहीत. तार ताणली गेली, दांडा किंचित कुरकुरला, आणि मी खाली येऊन कणीक मळायला घेतली.

सातला जाऊ खाली आली. "दीदी, सिग्नल नहीं आ रहा. क्या करूँ?"

मी हेल्पलाइनपेक्षा गोड आवाजात विचारलं, "बॉक्स बंद करून चालू केलास? मागची तार नीट बसली आहे का? रिचार्ज कधी संपतो? कार्ड काढून पुसून बघ." ती प्रत्येक गोष्ट वर जाऊन करून आली. चार वेळा चढली-उतरली बिचारी. कुठली गोष्ट पाहायची ते सगळं मी तिला सांगितलं, गच्चीवर जाऊन बघ एवढं मात्र सांगितलं नाही. ओळीने टाकलेल्या गोधड्या तिलाही दिसल्याच असतील, पण त्या कशाला बांधल्यात हे बघायचं तिच्या मनात आलं नाही. मिस्त्रीला फोन केला तर तो घरच्या लग्नासाठी गावी गेलेला, चार दिवसांनी येणार. मला तर दिवाळीच झाली.

सासूबाई त्या संध्याकाळी माझ्या खोलीत बसल्या. मी भजी तळली, चहा केला, अद्रक दुप्पट टाकलं. मालिका सुरू झाली. त्या म्हणाल्या, "हा म्हातारा दिसते नं, हा तिचा सख्खा मामा नोहे बरं."

"माहीत आहे आई, मी बघते ना रोज," मी म्हटलं.

"हाव," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता ते पोट्टी काई बोलणार नाई, पाह्य."

"हो, कालच दाखवलं होतं पुढचं."

त्यांनी भजी दोनच खाल्ली. मालिका संपायच्या आधी उठल्या आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या. गुडघा दुखत असेल, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी टीव्ही लावून बसले आणि त्या पायऱ्या चढताना मला दिसल्या. मिस्त्री आला होता की काय? की दिराने स्वतःच छत्री सरळ केली? कपडे काढायच्या निमित्ताने मी मागोमाग गच्चीवर गेले. तार तशीच होती, गोधड्या तशाच, छत्री वाकडीच. जावेची खोली गच्चीला लागून आहे, खिडकी उघडी होती. मी गोधडीच्या आड उभी राहिले. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

भिंतीवरचा टीव्ही काळा होता. सासूबाई दिवाणावर पाय पसरून बसल्या होत्या आणि जाऊ त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. काल मालिकेत काय झालं ते सासूबाई तिला सांगत होत्या. जाऊ मोडक्या मराठीत विचारत होती, "मग ती बोलली काहून नाही, आई? घर सोडके जाती क्यों नहीं?"

"जाणं सोपं नसते माय," सासूबाई म्हणाल्या. "मी गेलती ना एकदा."

"आप? कहाँ?"

"टेसनवर. हा मोठा पोटात होता. गाठोडं बांधलं अन् निंघाली. गोंदियाची गाडी येऊन जाय, मी बसूनच राहो. तीन गाड्या गेल्या. दिवे लागले तशी उठली अन् घरी आली. कोणी विचारलं बी नाई कुठं होती म्हणून. सासूनं म्हटलं, भाजी निवड."

जावेचे हात थांबले होते. "फिर? वापस क्यों आ गए?"

हा मोठा म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसून भाजी निवडली आणि मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. मला त्यांच्या गोळ्यांच्या वेळा माहीत होत्या, किती मीठ चालतं ते माहीत होतं. आणि ही, जिला 'ळ' म्हणता येत नाही, ती दोन वर्षांत तिथवर पोचली. असा मत्सर मला टीव्हीचा, चहाचा, कशाचाच झाला नव्हता. पुढचं उत्तर मला ऐकायचं होतं, पण माझा धक्का लागून बादली घरंगळली.

"कौन है? दीदी? आइये ना, बैठिये," जाऊ म्हणाली.

मी दारात गेले. सासूबाईंनी पदर सावरला. "काई नाई बाई," त्या मला म्हणाल्या, "मालिकेचंच सांगून राहिली होती. हिले समजत नाई नं. तुले तं सगळं मालूमच हाय."

मग तुम्ही परत का आलात, आई? हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. पण तो विचारायचा म्हणजे खिडकीशी उभी होते हे सांगावं लागलं असतं, आणि खिडकीशी का, तर तारेपर्यंत सगळंच. मी म्हटलं, "आई, जेवायला वाढू का?" रोज संध्याकाळी हेच विचारते.

"वाढून ठेव," त्या म्हणाल्या. "हिले एवढं सांगून येतो."

मी गोधड्या काढल्या, तार सोडली. छत्री ढकलून सरळ करायचा प्रयत्न केला, पण ते हाताने जमणारं काम नव्हतं. खाली येऊन दोन ताटं वाढली आणि झाकून ठेवली. माझ्या टीव्हीवर मालिका चालू होती, चित्र अगदी स्वच्छ येत होतं. मी आवाज बंद केला आणि कान वर लावले. वरचं काही ऐकू येत नव्हतं.