बाबूमामांची जपानी गिटार

आमच्या बाबूमामांच्या घरात नाव नसलेली वस्तू सापडायची नाही. तांब्या-पेल्यांवर नावं सगळ्यांच्याच घरी असतात; लग्नात, बारशात कुणी काय दिलं ते भांड्यावरच लिहिलेलं असतं. मामांचं तेवढ्यावर भागत नसे. बॅटरीवर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव, खाटेच्या पायावर नाव, सायकलच्या घंटीवर नाव. तामलवाडीत पाणीपुरवठ्याच्या पंपावर ते नोकरीला होते. तिथला व्हॉल्व्ह फिरवायचा पाना ग्रामपंचायतीचा, पण त्याच्यावरही बारीक अक्षरात 'बाबू' कोरलेलं होतं. आमची सुमनमामी म्हणायची, माझ्यावर तेवढं घालायचं राहिलंय, तेही एखाद्या दिवशी झोपेत उरकतील.

मी त्यांचा भाचा. तुळजापुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं माईक, स्पीकर, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. नवरात्रात मला पाणी प्यायला फुरसत नसते आणि बाकीचं वर्ष मी गिऱ्हाइकाची वाट बघत माश्या मारतो. मामांची आणि माझी गट्टी लहानपणापासूनची, पण म्हणून मी त्यांचं सगळंच गोड मानून घेतो असं नाही. हा माणूस भारी आहे आणि हट्टीही तितकाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मामांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. गावाला वेळेवर पाणी सोडलं आणि गिटार वाजवली. भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी असते, पेटी असते, फार तर बँजो असतो. इलेक्ट्रिक गिटार असलेली पार्टी आमच्या भागात तेव्हा एकच. गायला अणदूरचे राजपाल आणि गिटारीवर तामलवाडीचे बाबू. दोघं एका वयाचे, एका ताटात जेवणारे. राजपालकाकांनी वरची पट्टी धरली की मामांची गिटार खालून अशी काही बोलायची की बसलेली माणसं उठून उभी राहायची. मी त्या पार्टीचे माईक लावायचो, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

गिटार मुळात राजपालकाकांची. सोलापूरचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांनी ती तिथून घेतली. चार महिने बोटं सोलून घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपला जीव गळ्यात आहे, बोटांत नाही. मग त्यांनी ती बाबूमामांना विकली. देताना एवढंच म्हणाले, "जपानी हाय. नीट संभाळ." ऑर्केस्ट्रावाल्यांनी तिच्या शेंड्यावर काळा रंग मारून आपलं नाव लिहिलं होतं, त्यामुळे कंपनी कुठली ते कुणालाच दिसत नव्हतं. पण जपानी म्हटल्यावर मामांना आभाळ ठेंगणं झालं. गावोगावी निवेदक सांगायचा, गिटारीवर साथ करताहेत बाबू, आणि गिटार आहे अस्सल जपानी. कार्यक्रम संपला की पोरं तिला हात लावून बघायला यायची. मामा एकेकाला पुढं घ्यायचे आणि हात धुतलेत का विचारायचे.

दोनेक वर्षं अशी सोन्यासारखी गेली. मग एकदा मामा तारा घ्यायला सोलापुरात वाद्यांच्या एका दुकानात गेले. मी सोबत होतो. दुकानदारानं गिटार हातात घेतली, उलटी केली, आणि मानेच्या सांध्यावर चार स्क्रूंनी बसवलेली स्टीलची पट्टी बघून हसला. म्हणाला, परदेशी गिटारीला या पट्टीवर देशाचं नाव आणि नंबर असतो, हिच्यावर तर तुमचंच नाव आहे. हा इथलाच कुठला तरी माल दिसतो. तो माणूस वाईट नव्हता. जे दिसलं ते बोलला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मामा दुकानातून निघाले ते घरी गेलेच नाहीत. तडक अणदूरला. राजपालकाकांच्या मुलीचं त्या दिवशी बारसं होतं आणि अंगण पाव्हण्यांनी भरलेलं होतं. त्या भरल्या अंगणात मामा ओरडले, "जपानी म्हनून कुठलं तरी लाकूड माझ्या गळ्यात मारलंस. दोस्ताला फसिवलंस." राजपालकाका थोडा वेळ खाली बघत उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता आत निघून गेले. परत येताना बसमध्ये मामा मला सारखं एकच सांगत होते, खरा असता तर बोलला असता.

पार्टी तिथंच संपली. मामांच्या तोंडून 'जपानी' हा शब्द गेला आणि 'राजपाल' हेही नाव गेलं. जयंतीच्या मिरवणुकीत समोरासमोर आले तर एक रस्त्याच्या या कडेला, दुसरा त्या कडेला. पुढं राजपालकाकांची बायको वारली. मामा गेले नाहीत. मामी एकटी बसनं जाऊन आली आणि आल्यावर दोन दिवस मामांशी बोलली नाही. मला मामांचा खरा राग आला तो तेव्हा. पण मोठ्यांना बोलायचं कसं, म्हणून मी गिळला. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. अशी पस्तीसेक वर्षं गेली असतील.

यंदा ती खाली आली ती वृषालीमुळं. ही मामांची नात, सोलापूरला कॉलेजात शिकते. जयंतीच्या कार्यक्रमात तिला आजोबांची गिटार वाजवायची होती. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर येते म्हणून ती गिटार घेऊन माझ्या दुकानात आली. मागोमाग मामाही आले, कारण माझ्या हातात पेचकस दिला की त्यांचा जीव वरखाली होतो.

मी वरची पांढरी प्लास्टिकची पट्टी काढली. आत बघतो तर वायरींना सुती कापडाचं वेष्टन, झाळण मोत्याच्या दाण्याएवढं आणि सगळं एकसारखं, आणि बटणांच्या पोटावर बारीक चिनी वळणाची अक्षरं. अशी अक्षरं आता कुठल्याही स्वस्त मालावर असतात, त्यावरून काही ठरत नाही, हे मला कळत होतं. पण ते झाळण आपल्याकडच्या घाईचं नव्हतं. मी मामांना तसं म्हणालो. ते म्हणाले, तू खरखर काढ.

वृषालीनं मात्र ते ऐकलं आणि मोबाईल काढला. जुन्या गिटारीचं वय कसं ओळखायचं ते तिनं शोधलं. मान धडापासून सोडवली तर मानेच्या टोकावर पुष्कळदा बनवल्याची तारीख मारलेली असते, असं तिला त्यात सापडलं. मामांनी आधी साफ नाही म्हटलं. मी पेचकस खाली ठेवला. काय पणाला लागलंय ते मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. गिटार इथली निघाली तर राजपाल लबाड होता आणि मामांचा राग खरा होता. जपानी निघाली तर भरल्या अंगणात ज्याची लाज काढली तो माणूस खरा होता, आणि मग आपण कोण, हे मामांना स्वतःला विचारावं लागणार होतं.

शेवटी मामा म्हणाले, "काढा. एकदाचं कळू द्या."

तारा सैल केल्या, मागचे चार स्क्रू काढले. 'बाबू, तामलवाडी' लिहिलेली ती पट्टी माझ्या हातात आली आणि मान अलगद सुटली. तिच्या टोकावर, उघड्या लाकडावर, फिकट निळा शिक्का होता. आधी दोन अनोळखी अक्षरं, मग सत्तेचाळीस, मग आठ. मामा वाकून बघत म्हणाले, सत्तेचाळीस सालची आहे की काय. मी म्हणालो, मामा, त्या साली आपल्याकडं निजामाचं राज्य होतं आणि गावात कंदील होते. ही तेव्हा आली असती तर वाजवली कशावर असती. वृषाली हसली, मामा हसले नाहीत.

मग मी ती स्टीलची पट्टी पुसायला घेतली. कोरलेलं नाव सोडलं तर वरची बाजू गुळगुळीत होती, जरा जास्तच, आणि मधोमध पातळ झाल्यासारखी. उलटी केली तर मागच्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. स्टीलवर ठोकून अक्षरं उमटवली की मागं त्यांचे उंचवटे येतात. तसे उलट्या अक्षरांचे उंचवटे होते. वृषालीनं फोटो काढला, मोबाईलमध्ये सुलटा केला आणि आमच्यापुढं धरला. आकडे पुसट होते, पण त्यांच्यावरचं इंग्रजीतलं 'जपान' स्पष्ट वाचता येत होतं.

मामांनी पट्टी हातात घेतली. तिच्याकडं बघतच त्यांनी सांगितलं ते असं. गिटार घेतली त्याच आठवड्यात ते भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडं गेले होते. त्यानं गिटार कळशीसारखी मांडीवर पालथी घेतली आणि विचारलं, इथं आधीच कायबाय लिहिलंय, आता तुमचं कुठं घालू. मामांना इंग्रजी येत नव्हतं. जुनं भांडं घेतलं की त्याच्यावरचं आधीच्या मालकाचं नाव घासून आपलं घालायचं, ही आपल्याकडची रीत. तेच इथं असणार, असं त्यांनी धरलं.

"घासून काढ म्हनालो," मामा म्हणाले. "म्याच म्हनालो."

त्यांचा चेहरा बघवेना. वृषालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी शिक्क्याचा फोटो आमच्या ओळखीच्या भंतेजींना पाठवला. ते तरुणपणी शिकायला जपानात राहून आलेले. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. ती दोन अक्षरं म्हणजे 'शोवा', तिथल्या त्या वेळच्या बादशहाच्या कारकिर्दीचं नाव. ते लोक वर्षं त्याच्यापासून मोजतात, जसं आपल्या कॅलेंडरावर शक वेगळा असतो. शोवा सत्तेचाळीस म्हणजे आपलं एकोणीसशे बाहत्तर, आणि आठ म्हणजे ऑगस्ट महिना. भंतेजींनी विचारलं, कुणाची आहे. मी म्हणालो, मामांची. मामा म्हणाले, राजपालची म्हन.

गिटार टेबलावर तशीच दोन तुकड्यांत सोडून त्यांनी मला मोटारसायकल काढायला सांगितली. मी म्हणालो, मामा, ऊन उतरू द्या. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

अणदूरला राजपालकाका अंगणात पत्र्याच्या सावलीला पोत्यावर बसून हरभरा निवडत होते. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं. मामांना बघून त्यांचे हात थांबले. मामांनी जयभीम घातला, त्यांनीही घातला, पण कुणी कुणाला बस म्हटलं नाही. मामांनी उन्हातच उभं राहून सगळं सांगितलं. पट्टी, ती घासणारा माणूस, शिक्का, भंतेजींचा फोन. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "तू खरा व्हतास. नंबर म्याच घासून टाकला. चूक माझी हाय."

राजपालकाकांनी मुठीतला हरभरा पुन्हा सुपात टाकला.

"मला तरी कुठं ठावं व्हतं, बाबू," ते म्हणाले. "ऑर्केस्ट्रावाल्यानं जपानी म्हनून दिली, तेच म्या तुला सांगितलं. तू वरडलास तवा मला वाटलं, आसंल खोटं, आपुनच दोस्ताच्या गळ्यात मारली. म्हनून गप बसलो. परत त्वांड दावायची लाज वाटली."

मला भरून आलं आणि संतापही आला. एक जण आपण फसवले गेलो म्हणून रुसून बसला आणि दुसरा आपण फसवलं म्हणून तोंड लपवून बसला, आणि त्यात तो गळा आणि ती बोटं म्हातारी होऊन गेली. फसवलं मात्र कुणीच कुणाला नव्हतं.

मामा डोळे पुसत होते. राजपालकाकांनी मान वर करून त्यांच्याकडं नीट बघितलं. आवाजात राग नव्हता.

"एक इचारू? खोटी निघाली असती, तर आला असतास का?"

मला वाटलं मामा हो म्हणतील. त्या वेळी कुणीही हो म्हटलं असतं. मामांनी खाली बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले. "आलो नसतो."

राजपालकाकांनी हरभऱ्याचं सूप बाजूला सारलं आणि पोत्यावर सरकून जागा केली.

"खरं बोललास," ते म्हणाले. "बस आता."

मामा बसले.