भाऊजींचा राता

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिताड्याला हळद-मीठ चोळत होते, आणि तो मासा त्यांच्यासाठीच आणलेला होता. पुण्याला कुठल्याशा सभेत बोलायला गेले होते. "उद्या जेवायला घरीच, वहिनी," असं फोनवर सांगून झोपले ते उठलेच नाहीत. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं म्हणाल, तर रागच आला. हा माणूस जन्मभर असाच. जेवायला येतो म्हणायचं, आणि आम्ही ताट वाढून दाराकडे बघत बसायचं... रडू मागाहून आलं, ते मात्र मग थांबेना.

हरिश्चंद्र माझे धाकटे दीर. गावाचे हरीभाऊ. जगातली भूक संपवायची आणि शेती टिकवायची, असं काम करणाऱ्या एका मोठ्या परदेशी संस्थेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. लग्न केलं नाही. "विमानातून उतरायला वेळ मिळाला की करतो," म्हणायचे. आज आफ्रिका, उद्या बांगलादेश. जगात माणसं उपाशी का राहतात यावर तासभर बोलतील, पण तुम्हाला स्वतःला भूक लागलीय हे त्यांना दुसऱ्याने सांगावं लागे. आमच्या ओटीवर बसून चहात बिस्किट बुडवायचे आणि व्हिएतनामच्या भाताबद्दल बोलत राहायचे. बिस्किट केव्हाच कपाच्या तळाला गेलेलं असायचं, हातात नुसतं टोक. मी म्हणायचे, "भाऊजी, जगाचं नंतर बघा, आधी कपातला गाळ उपसा."

एकदा परदेशातून फोन आला. मला वाटलं, तब्येत बिघडली की काय. तर म्हणतात, "वहिनी, आपल्या घरी राता शेवटचा कधी शिजला?" आता सांगायला हवं, आमचं गाव खारेपाटात, अलिबाग आणि पेणच्या मधे. खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं आणि आतल्या खारवट जमिनीत भात लावायचा, ही आमची शेती. त्या खाऱ्यात तग धरणारा लाल तांदूळ तो राता. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला तिकडे जेवायला देत नाहीत का?" पण त्यांचा आवाज वेगळाच होता. समुद्राचं पाणी शेतात शिरतंय म्हणून तिथल्या एका बैठकीत देशोदेशीची माणसं डोकं धरून बसली होती. भाऊजींनी उठून ऐटीत सांगितलं, आमच्याकडे खाऱ्यात येणारा तांदूळ आहे. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी रोज खातात का?" आणि भाऊजींनी बाहेर येऊन थेट मला फोन लावला. आमची खालची खाचरं कित्येक वर्षं ओसाड होती. घरात दुकानातला पांढराशुभ्र तांदूळ यायचा, आणि त्याचं आम्हाला कौतुकही होतं.

निवृत्त झाल्यावर थेट गावाला आले ते हेच डोक्यात घेऊन. आमचे हे, म्हणजे भाऊजींचे दादा, खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि धाकटा म्हणतो की गोणीतल्या खताचा कणही शेतात पडू देणार नाही. झालं! सकाळचा चहा म्हणजे आमच्याकडे परिषदच. त्यातून यांच्या मनात ती खाचरं विकायची होती. मुंबईच्या एकाला तिथे बंगला बांधायचा होता, आणि दोघा भावांच्या सह्या लागत होत्या. "खाऱ्या चिखलात काय सोनं पिकणार आहे तुझ्या?" हे विचारायचे. "सोनं नको दादा, तांदूळ पुरे," भाऊजी म्हणायचे आणि सही टाळायचे.

बी मिळालं शेजारच्या काशीबायकडे. तिने पेजेपुरता राता बांधाच्या कडेने टिकवला होता. म्हातारी तोंडाची तिखट. पण बी होतं, बांध कुठे होता? चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं करून तो पोखरला होता आणि भरतीचं पाणी आत येत होतं. भाऊजींनी काय करावं? देवळाच्या सभामंडपात पडदा लावला, जगाचे नकाशे दाखवले आणि "सामूहिक जबाबदारी" या विषयावर असे काही बोलले, की ऐकणाऱ्याने डोळेच पुसावेत... ऐकायला होतो आम्ही दोघं, काशीबाय आणि पुजारी. बांधावर दुसऱ्या दिवशी चिटपाखरू नाही. भाऊजी एकटेच फावडं घेऊन उभे. काशीबाय आली, कमरेवर हात ठेवून ओरडली, "आरं हरी, बांधाला मान्सं बोलावलीस आन जेवान सांगितलं न्हाय? कोन येल तुज्याकडं?"

आमच्याकडे बांधाच्या कामाला मजुरी नसते. ज्याचं काम त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण, एवढाच करार. लहानपणी याच जेवणाच्या पंगतीत बसलेला हा माणूस, देशोदेशी भुकेवर बोलून आला आणि नेमकं जेवणच विसरला! यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मी मात्र पातेली काढली. दुसऱ्या दिवशी जिताड्याच्या कालवणाचा वास गावभर गेला आणि बांधावर उभं राहायला जागा उरली नाही. भाऊजी वाढायला उभे राहिले. प्रत्येकाला "अजून घे" म्हणता म्हणता स्वतः जेवायचे राहिले, ते मी संध्याकाळी ओरडून बसवले तेव्हा जेवले.

राता आला. फार नाही, पण आला. पहिला भात शिजला तेव्हा हे म्हणाले, "जाड आहे." आणि तीनदा वाढून घेतला. तरी खाचर विकायचा विषय काही मिटला नाही. उलट भाऊजी गेल्यावर अडवणारंच कुणी उरलं नाही. बंगलेवाल्याचा माणूस सांत्वनाला आला तो हळहळत आला आणि जाताना नकाशा ठेवून गेला. मी तो नकाशा उलगडून बघितला. भाऊजींचं जगात मागे राहिलेलं म्हणावं असं ते एवढंच होतं, दोन खाचरं आणि कणगीतलं बी.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. हल्ली आम्ही बायकाही जातो. तिवरांवर कावळे बसलेले होते, पण एक जागचा हलेना. मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं, मागे राहिलेल्यांनी वचनं द्यायची. हे हात जोडून म्हणाले, "हरी, तुझी सगळी पुस्तकं जपून ठेवीन." कावळा ढिम्म. "शाळेला तुझ्या नावाने पंखे देऊ." एका कावळ्याने मान वळवून पलीकडे बघितलं. ऊन चढलं. गुरुजींना पुढे आणखी एक दहावा होता, ते घड्याळ बघायला लागले. अखेर काशीबाय मागून कडाडली, "दादा, जे बोलायचं ता बोल ना र एकदाचं! मान्सं उन्हात मरतान!"

यांचा चेहरा लालबुंद झाला. ओरडले, "बरं बाबा, नाही विकत! पेरतो! झालं समाधान?"

सगळ्या गावाच्या माना तिवरांकडे वळल्या. आणि ते कावळे एकजात उडाले आणि खाडीपलीकडे निघून गेले.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी येताना हे हळूच म्हणाले, "कावळा काही शिवला नाही. म्हणजे तसं पाहिलं तर वचन..." मी म्हटलं, "कावळ्याने ऐकलं नसेल, गावाने ऐकलंय." नकाशा मी त्याच संध्याकाळी परत पाठवला.

पाऊस सुरू झाल्यावर यांनी बी भिजत घातलं. मोड आणले, अर्धी चड्डी घालून चिखलात उतरले आणि फेकलं. सबंध वेळ कुरकुर चालूच होती, कंबर गेली, गुडघे गेले, हरीने मला या वयात कामाला लावलं. आठवड्याने सकाळी बांधावरून जवळजवळ धावतच आले. पाय पोटरीपर्यंत चिखलात माखलेले. अंगणातूनच ओरडायला लागले, "अगं, उगवलं! काय दाट उगवलंय! लाव, हरीला फोन लाव. म्हणावं, मोठा शहाणा समजतोस ना, ये आणि बघ!"

आणि मग ते तिथेच खाली बसून पायांचा चिखल खरवडायला लागले. फोन माझ्या हातात होता, आणि मी भाऊजींचं नाव शोधून काढलेलं होतं.